हो, नको, थांब

मुश्ताक सरांच्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये एकही गोल केला नव्हता. अगदी चुकूनसुद्धा नाही. बॉल खांबाला लागला, वरच्या दांडीला लागला, एकदा तर रेफरीच्या पाठीत बसला, पण जाळ्यात म्हणून गेला नाही. दुबईतल्या कॉलेजांच्या मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये त्यांचं कॉलेज तळाला जाऊन बसलं होतं, आणि त्यावरून सरांचं आणि कॅप्टन केयाचं रोज वाजत होतं.

"टॅलेंट नाही," सर म्हणायचे. "मी काय स्वतः आत जाऊन मारू का गोल?"

"सर, विथ रिस्पेक्ट, इट्स द कोचिंग," केया म्हणायची. ती फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायचं काम तिचंच. घरी आई-बाबांशी मराठीत बोलायची, पण भांडायची वेळ आली की हिचं इंग्रजी सुरू.

सर मूळचे दापोलीकडचे. दिवसा जबल अलीच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आणि संध्याकाळी सिलिकॉन ओएसिसजवळच्या या कॉलेजात पार्टटाइम कोच. फुटबॉल कोचिंगचा रीतसर कोर्स त्यांनी केला होता, सर्टिफिकेटही होतं. पण खरं सांगायचं तर माणूस हाडाचा टेनिस बॉल क्रिकेटवाला. गावाकडच्या टूर्नामेंटांत हे गृहस्थ कधी म्हणून रनआउट झाले नाहीत, आणि हे ते कुणालाही, न विचारता, सांगत असत. का नाही झाले? तर कॉलिंग! पलीकडच्या माणसाने ओरडायचं, हो, नको किंवा थांब, आणि आपण डोळे मिटून ऐकायचं. पाठीमागचं त्याला दिसतं, आपल्याला नाही.

हेच त्यांनी फुटबॉलमध्ये आणलं. फॉरवर्डला गोलसमोरच्या गर्दीत काय दिसणार? बाहेरून मला सगळं स्वच्छ दिसतं. तेव्हा मी "हो" म्हटलं की बॉल मारायचा, "नको" म्हटलं की पास द्यायचा, "थांब" म्हटलं की थांबायचं. आणि यातली सगळ्यात हुशारी कोणती, तर कॉल मराठीत! समोरच्यांना काय कळणार, कप्पाळ? टीममध्ये केरळच्या मुली होत्या, जॉर्डनची एक होती, नायजेरियाची एक होती, आणि त्या सगळ्या मैदानात एकमेकींना "ताम्ब! ताम्ब!" म्हणायच्या. ते ऐकून सरांचा ऊर भरून यायचा.

शेवटच्या मॅचच्या दिवशी दुपारी स्पोर्ट्स विभागाच्या मृणालिनी मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम नागपूरच्या. गोड बोलून वेळ घालवणं त्यांना माहीतच नव्हतं.

"तुमचं हे टॅलेंट की कोचिंग ऐकून ऐकून माझे कान किटलेत," त्या म्हणाल्या. "आज मी मॅच बघायला येतेय. मॅच संपली की मला एका शब्दात उत्तर द्यायचं. टॅलेंट कमी असेल तर पुढच्या वर्षी नवी ट्रायल, नवी फॉरवर्ड, नवी कॅप्टन. कोचिंग खराब असेल तर नवा कोच. दोघांपैकी एकच राहील. खलास."

केयाने सरांकडे पाहिलं. सरांनी केयाकडे पाहिलं. दोघंही मनातून टरकले होते, पण दाखवतंय कोण!

चारच्या उन्हात मॅच सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांतच समोरच्यांनी एक गोल ठोकून दिला. मग मात्र सरांच्या मुली चवताळल्या. उजव्या बाजूने हुमेरा अशी काही सुटायची, की तिच्यामागे धावणारीची दया यावी. तिचा पास केयाच्या पायाशी नेमका यायचा, केया मान वर करून बाहेर बघायची, सर बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "हो!" आणि केया बॉल हाणायची. आणि दर वेळी समोरची गोलकीपर त्याआधीच तिथे हजर! जशी काही ती तिथेच राहायला होती. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा केयाने घाईघाईत बॉल बाहेर मारला, तेव्हा सरांनी कपाळावर हात मारला.

"बघितलंत मॅडम?" ते मागे वळून म्हणाले. "टॅलेंट!"

मॅडमनी थर्मासमधला चहा कपात ओतला.

सरांना राहवेना. पोरगी चुकतेय तरी कुठे, हे जवळून बघायला ते मैदानाला वळसा घालून समोरच्या गोलच्या मागे जाऊन जाळीला चिकटून उभे राहिले. गोलकीपरची त्यांच्याकडे पाठ होती. ती तिच्या बचावाच्या मुलीला समजावत होती, आणि चक्क मराठीत.

"अगं टेन्शन घेऊ नकोस. ते 'हो' ओरडल्याशिवाय ती मारतच नाही. नको म्हटलं तर पास येणार, तू पास कव्हर कर. थांब म्हटलं तर आरामात श्वास घे. ऐकत राहा फक्त."

सर जाळीला आणखीच चिकटले. आवाज ओळखीचा वाटला. मुलगी वळली, आणि पाहतात तर काय, समिधा! डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्याच बिल्डिंगमधली, लिफ्टमध्ये कानात हेडफोन घालून रोज "गुड ईव्हनिंग, अंकल" म्हणणारी. ही मराठी असेल असं सरांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तेही तिला रोज इंग्रजीतच उत्तर देत होते!

"अंकल?" समिधा दचकली. मग तिची तिलाच लाज वाटली. "सॉरी अंकल. पण तुम्ही किती जोरात ओरडता! तुमची टीम आमच्याकडे आली होती ना, त्या पहिल्या प्रॅक्टिस मॅचलाच मला कळलं होतं. सगळ्या गोलकीपर्सचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, त्यात टाकलं मी. आता सगळ्यांनाच तिन्ही शब्द येतात."

म्हणजे अख्खा सीझन! दुबईत मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, असं समजून आपला माणूस लिफ्टमध्ये, दुकानात, टॅक्सीत काय काय बोलतो, आणि शेजारी उभा असलेला निघतो नेमका चिपळूणचा. हे सरांनी दुसऱ्यांच्या बाबतीत किती वेळा हसून हसून सांगितलं होतं. आणि स्वतः मात्र पाच कॉलेजांच्या गोलकीपरना, भर मैदानात, स्वतःच्या तोंडाने, आधी सांगून गोल मारायला निघाले होते. केया पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणत होती. सरांना इतकी शरम वाटली की तोंड लपवायला जागा सापडेना.

आणि मग, का कोण जाणे, त्यांना आनंदाचं भरतं आलं. कारण पोरींचा खेळ वाईट नव्हता! अजिबात वाईट नव्हता! ते हाफटाइमला धापा टाकत मुलींकडे धावले.

"कॉल बंद!" ते म्हणाले. "त्यांच्या गोलकीपरला मराठी कळतं. सगळ्यांना कळतं. चूक माझी आहे. आता माझ्याकडे बघायचं नाही, मी काही बोलणार नाही. तुला दिसेल तेव्हा तू मार."

"मला दिसेल तेव्हा?" केयाने विचारलं. या वेळी मराठीत.

"तुला. यल्ला, चला!"

पण सवय कशी जाणार? दुसऱ्या हाफमध्ये हुमेराचा पहिलाच पास आला आणि केयाने मान वर करून सरांकडे पाहिलं. सरांनी टोपी तोंडात कोंबली होती. तेवढ्यात बॉल गेला. पुन्हा पास, पुन्हा तिची मान वर. सरांच्या लक्षात आलं की नुसतं गप्प बसून भागणार नाही. मी दिसतोय तोवर ती बघणारच.

तेव्हा त्यांनी एक अजब गोष्ट केली. मैदानाकडे पाठ केली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले.

आता सरांना मॅच दिसत नव्हती. दिसत होत्या त्या फक्त समोरच्या बाकावर बसलेल्या मृणालिनी मॅडम. मागून बुटांचे आवाज येत होते, कुणी तरी "हुमेरा! हुमेरा!" ओरडत होतं, आणि सर मॅडमच्या चेहऱ्यावर मॅच वाचत होते. मॅडम डावीकडे बघायला लागल्या. म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलकडे! मॅडम पुढे झुकल्या. चहाचा कप हातात तसाच राहिला. भुवया वर गेल्या. सरांच्या घशात "हो" आला, अगदी जिभेच्या टोकावर आला, आणि त्यांनी टोपी करकचून चावली. मॅडम उठल्या. चहा साडीवर सांडला, तरी त्यांना पत्ता नव्हता. आणि नागपूरच्या या कडक बाई दोन्ही हात वर करून एखाद्या शाळकरी मुलीसारख्या किंचाळल्या.

सर गर्रकन वळले. बॉल जाळ्यात होता. समिधा अजून उभीच होती, कान टवकारून, "हो"ची वाट बघत.

मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली. पण बरोबरी झालीय हे त्या मुलींना कोण सांगणार? वर्ल्ड कप जिंकल्यासारख्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. जॉर्डनची मुलगी रडत होती.

मॅडम साडी झटकत खाली आल्या. "गोल कसा झाला, पाहिलात का?"

"नाही, मॅडम," सर म्हणाले. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"बरं. माझं उत्तर? एका शब्दात."

आता गोल झाला होता. सरांना काहीही सांगता आलं असतं, आणि ते खपूनही गेलं असतं. "कोचिंग," ते म्हणाले. "मुलींमध्ये काही कमी नव्हतं. मीच आड येत होतो."

"गंमत आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच केया धावत येऊन मला सांगून गेली, टॅलेंट. म्हणाली, सरांनी नीट सांगूनसुद्धा मी कितीदा बाहेर मारलाय, सरांना काढू नका, मला काढा."

सरांनी वळून पाहिलं. केया थोड्या अंतरावर उभी होती, घामाने निथळत, बुटाची नाडी उगाच सोडत आणि बांधत.

"सीझनभर एकमेकांच्या नावाने ओरडत होतात," मॅडम म्हणाल्या, "आणि आता उलटं? दोघंही राहा बघू इथेच. मंगळवारी प्रॅक्टिस घेणार ना?"

अख्खा हाफ गिळून धरलेला तो एक शब्द सरांच्या तोंडून असा काही सुटला की पार्किंगपर्यंत ऐकू गेला.

"हो!"

पलीकडच्या गोलपाशी ग्लोव्हज काढत असलेल्या समिधाने उजवीकडे झेप घेतली.