गुरुवारी हरवलेली कीर्तनं

या, अशा जवळ बसा. मुक्ताईंची कीर्तनं एका गुरुवारी कुठे गेली आणि कशी सापडली, ते सांगते.

कसबा पेठेतल्या मुक्ताई कीर्तन करायच्या, त्यांचे यजमान रंगनाथ मागे तबल्याला बसायचे. मुक्ताई गेल्या. त्यांच्या कीर्तनांच्या कॅसेटींना बुरशी लागली. त्याआधी कीर्तनं तेवढी देवळाच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर उतरवली होती. सभामंडपातल्या संगणकावर तिथूनच लागायची. दुसरी प्रत नव्हती.

त्या गुरुवारी, दर गुरुवारी जाते तशी वीज गेली. संध्याकाळी आली, सर्व्हर सुरू झाला, आणि फोल्डर रिकामं!

"डिस्क गेली. फॉरमॅट मारतो," बुधवार पेठेतून आलेला दुरुस्तीवाला संजय म्हणाला.

रंगनाथकाकांनी शेजारच्या कल्याणीला हाक मारली. ती कंपनीत असलेच सर्व्हर बंद-चालू करून तपासायची.

"काका, दर गुरुवारी असं होतं?"

"नाही गं. वीज जायच्या आधी मी सर्व्हर रीतसर बंद करतो. आज विसरलो, तो चालू असतानाच वीज गेली."

कल्याणीने खुर्ची ओढली. रीतसर बंद आणि अचानक बंद, यात याला फरक तो काय पडतो? सर्व्हर आपल्या कामाची नोंद ठेवतो, ती तिने उघडली. अचानक बंद पडलेली डिस्क अजून स्वतःला तपासत होती. फाइली दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढा धीर नव्हता. त्याने रिकामंच फोल्डर पुढे केलं होतं.

"संजयराव, अर्धा तास द्या."

"घ्या की. आमची घरी कोण वाट बघतंय!"

काका हळूच म्हणाले, "मध्यंतरात बुक्का लावेपर्यंत तबला सुरातून उतरायचा. मी तो पुन्हा सुरात लावून, हातोडी ठेवून मान हलवेपर्यंत ही पुढचं पद उचलायची नाही. लोक खोळंबले तरी."

"मग यालाही तेच शिकवू," कल्याणी म्हणाली. डिस्क तयार असल्याचं सांगेपर्यंत फोल्डर उघडायचं नाही, अशी सूचना तिने लिहिली.

तपासणी संपली. बेचाळीस कीर्तनं जागच्या जागी होती. आधी तिने सगळ्यांची प्रत काढली, मग तिला राहवेना.

"काका, एकदा वायर ओढून बघू?"

काकांनी डोळे मिटले. "ओढ."

सर्व्हर पुन्हा सुरू झाला. फोल्डर काही उघडेना. घरी निघालेला संजयही थबकून पडद्याकडे बघत राहिला.

"अजून मान हलली नाही," काका पुटपुटले.

आणि बऱ्याच वेळाने फोल्डर उघडलं. भरलेलं. कल्याणीने पहिलं कीर्तन लावलं. मुक्ताईंचा आवाज आला तशी काकांची बोटं गुडघ्यावर चालू लागली.

तर मंडळी, कीर्तन रंगलं की मुक्ताईंची आठवण तुम्ही काढालच. मागे बसून मान हलवणाऱ्या रंगनाथकाकांचीही ठेवा.