वसुधाच्या खांद्यावरची होडी

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी होडी आहे, पण समुद्र मी कधी पाहिलेला नाही. माझा जन्म साकीनाक्याच्या एका कारखान्यात, लेथच्या घरघरीत आणि वंगणाच्या वासात झाला. माझी दोन्ही टोके निमुळती आहेत. मला शीड नाही, इंजिन नाही. परदेशात असल्या होडीला कनू म्हणतात. दोन माणसे वल्ही मारत रानातल्या पाण्यातून जातात. पाणी संपले की होडी खांद्यावर घेऊन चालू लागतात आणि पुढचे पाणी लागले की पुन्हा आत बसतात. माझी गोष्ट म्हणजे खरे तर वसुधाची गोष्ट आहे, कारण तिच्या खांद्यांचे माप घेऊनच मला घडवले गेले.

वसुधा मुलुंडला राहायची आणि विमा कंपनीत नोकरी करायची. तिचा नवरा विद्याधर साकीनाक्याच्या त्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. डोंगर चढता चढता दोघांचे जमले होते, म्हणून लग्नानंतरही ती त्याला अरे-तुरेच करायची. एकदा एका गडावरून उतरताना विद्याधरचा पाय घसरला. गुडघ्याचा चुरा झाला. हाड जुळले, पण पाय पुन्हा वाकला नाही. पाठीवरच्या पिशव्या माळ्यावर गेल्या. सुटीच्या दिवशी विद्याधर खिडकीत बसून राहायचा. “तू जा ना, मी कुठे अडवलंय?” असे तो म्हणायचा आणि वसुधा जायची नाही.

मग एके दिवशी तिला रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक सापडले. त्यात घनदाट रानातल्या तळ्यावर तरंगणारी माझ्यासारखी एक होडी होती.

“विद्या, हे बघ! ह्यात पाय लांब करून बसता येतं.”

त्याने चित्र नीट पाहिले. मग मासिक मिटून म्हणाला, “आणि उचलायची कोणी? मी?”

“मी उचलणार,” वसुधा म्हणाली. “गॅसचा सिलिंडर मी एकटीच सरकवते ना? त्याच्याहून हलकी कर म्हणजे झालं.”

विद्याधर पुष्कळ दिवसांनी ड्रॉइंग बोर्डावर स्वतःसाठी बसला. पुढची बैठक त्याने मागे सरकवली, म्हणजे सरळ पायाला जागा मिळेल. नकाशा तयार झाल्यावर तो लवूकडे गेला. लवू त्याच कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायचा. मूळचा मालवणकडचा, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. नकाशा पाहून तो हसलाच.

“भाऊ, ही होडी नाय, ह्यो पापड! माझ्या आज्यान बांधलेली होडी ओढूक धा माणसां लागत.”

“लवूदादा, आमच्याकडे एकच माणूस आहे,” वसुधा म्हणाली.

लवूने नकाशा पुन्हा जवळ ओढला आणि म्हणाला, “शिवणीचा लाकूड गावला तर बघूया.”

घाटकोपरच्या वखारीत शिवण मिळाली, हलके पण टिकाऊ लाकूड. मालकाने कारखान्याचा एक कोपरा वापरू दिला आणि सुटीच्या दिवशी माझे काम सुरू झाले. आधी माझ्या पोटाच्या आकाराचे फर्मे उभे राहिले. त्यांच्यावर शिवणीच्या बोटभर रुंद, पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवत लवूने मला विणत आणले. पट्टी वाकवताना तो तिच्याशी बोलायचा, “ये, ये, अशी ये गे बाय.” पॉलिश पेपरने घासून घासून मला गुळगुळीत केले, वरून काचेच्या धाग्यांचे कापड आणि पाणी रोखणारे रेझिन चढवले. फर्म्यांवरून सुटून मी पहिल्यांदा जमिनीवर टेकले तेव्हा शेजारच्या गाळ्यातले कामगार हातातले काम टाकून बघायला आले. “झकास आहे यार!” कोणीतरी म्हणाले. मी फुलून गेले.

पण ते कौतुक फार टिकले नाही. वसुधाने पदर खोचला, मला धरले आणि जोर लावला. मी तिच्या गुडघ्यापर्यंत आले आणि परत खाली गेले. तिने पुन्हा प्रयत्न केला. तिचा चेहरा लालबुंद झाला, पण मी काही कमरेच्या वर गेले नाही. वाऱ्यापाण्याच्या धास्तीने लवूने माझ्या काठांना जाड सागवान लावले होते आणि बसायला फळ्याही सागवानीच ठोकल्या होत्या.

विद्याधर हळूच म्हणाला, “राहू दे, वसू. आपण पवईलाच फिरवू. तिथे उचलायची गरज नाही.”

त्याला तिचे दुःख कमी करायचे होते. पण मित्रांनो, त्या क्षणी वसुधा ‘बरं’ म्हणाली असती, तर मी तळ्यावरचे खेळणे झाले असते आणि विद्याधर पुन्हा खिडकीत जाऊन बसला असता. तिने कपाळावरचा घाम पुसला.

“पवईसाठी एवढा खटाटोप केला का आपण? लवूदादा, सागवान काढा.”

“काढतंय. पण वारो इलो तर उडान जायत हां, वयनी. मगे माका बोलू नको.”

सागवान निघाले. त्या जागी शिवणीचेच बारीक काठ आले. फळ्या गेल्या आणि वसुधाने वेताच्या जाळीच्या बैठका स्वतः विणल्या. मध्यभागी एक आडवे जू बसवले. तिने शिवणकामाच्या टेपने आपल्या खांद्यांचे माप दिले, लवूने त्याप्रमाणे जुवाला खोबण्या कोरल्या आणि तिने त्यांच्यावर जुन्या गोधडीची गादी शिवली. नंतर तिने मला पुन्हा धरले. मांडीवर घेतले, एक हिसका दिला, आणि मी उलटी होऊन तिच्या खांद्यांवर जाऊन बसले! माझ्या पोटाखालून तिचा आवाज घुमला, “विद्या, मला समोरचं काही दिसत नाहीये, पण मी चालतेय!” लवू नुसता म्हणाला, “जमला.”

पवईच्या तळ्यात मी तोल शिकले. हिवाळ्यात आम्ही कोयनेच्या जलाशयाकडे निघालो. एसटीच्या टपावर मला चढवताना कंडक्टर ओरडला, “ओ ताई, ही काय भानगड? खाली पाणी लागणारे का माझ्या गाडीला?” सारी गाडी हसली. विद्याधरसुद्धा हसला.

जलाशयाकाठच्या बामणोलीला मी पाण्यात उतरले. दोन्ही बाजूंना रानाने भरलेले डोंगर आणि मध्ये निळे पाणी. गुडघा मोडल्यापासून विद्याधर पहिल्यांदाच रानाच्या इतका जवळ आला होता. तो नुसता वल्हवत होता. पण दुपारी वारा उठला. मोठ्या पाण्यावर लाटा उसळू लागल्या आणि माझ्या काठावरून पाणी आत येऊ लागले. मुक्कामाची जागा डोंगराच्या सोंडेपलीकडे, जलाशयाच्या दुसऱ्या फाट्याच्या काठी होती. वळसा घालून जाणे धोक्याचे होते.

“खिंडीतून नेऊ,” वसुधा म्हणाली.

काठाला लागून तिने मला खांद्यावर घेतले. विद्याधर काठी टेकत मागून येत होता. त्याचा चेहरा उतरला होता. बायको ओझे वाहते आणि आपण रिकाम्या हाताने चालतो, हे त्याला सहन होत नव्हते. खिंडीच्या माथ्यावर वाऱ्याचा असा झोत आला की माझे शेपूट गर्रकन फिरले. वसुधा भेलकांडली. एका बाजूला खोल उतार होता.

“विद्या!”

माझ्या मागच्या टोकाला दोर होता. विद्याधरने काठी टाकली, दोर मनगटाला गुंडाळला आणि आपला न वाकणारा पाय एका खडकाला मेखेसारखा रोवला. मी जागच्या जागी थांबले.

“आता चल,” तो म्हणाला. “शेपूट माझ्याकडे आहे. मी सांगतो तशी पावलं टाक. डावीकडे... हं, दगड आहे, जपून.”

तिला समोरचे दिसत नव्हते, त्याला वजन उचलता येत नव्हते. अशा रीतीने आम्ही तिघे खिंड उतरलो. संध्याकाळी पलीकडच्या शांत पाण्यावर गवे आले. दोघेही माझ्या काठाला टेकून बसले होते. “वसू, चहा टाक ना,” विद्याधर म्हणाला. किती दिवसांनी तो असा हक्काने बोलला होता!

पुढे काही वर्षे आम्ही खूप हिंडलो. पण मित्रांनो, माझ्या वाट्याला उपेक्षाही आली, आणि ती प्रेमापोटी आली. पाहुणे मला पाहायला येऊ लागले, तसा विद्याधर मला जपू लागला. प्रत्येक ओरखडा त्याला बोचे. शेवटी त्याने मला जिन्याखाली टांगले, वर चादर घातली आणि दर आठवड्याला पुसू लागला. मी चकचकीत होते आणि कोरडी होते. पावसाळे आले, गेले. चादरीखाली मला पाण्याचा वाससुद्धा येईना.

वसुधाची धाकटी बहीण शुभा एकदा म्हणाली, “भावोजी, मी आणि माझी मैत्रीण प्रेमा नेऊ का हिला?”

“छे! खडकाबिडकाला लागली तर?”

वसुधा जिन्यातून खाली आली आणि तिने चादर ओढून काढली. “अरे, ही वापरायला केली की पूजेला? ने गं शुभा.”

मुली परत येईपर्यंत विद्याधरचे कशात लक्ष लागले नाही. त्या आल्या आणि माझ्या तळाला चांगली हातभर चीर होती! शुभा रडवेली झाली. विद्याधर काठी ठेवून जमिनीवर बसला, पाय लांब केला आणि चिरेवरून बोट फिरवत राहिला. मला वाटले, आता चादर कायमची.

“कुठल्या खडकाला लागली?” त्याने विचारले.

“तुमच्या नेहमीच्या नदीत, भोवऱ्याच्या खाली, भावोजी. पाणी जोरात होतं.”

“घाबरलीस?”

“खूप. पण मजा आली.”

तो हसला. “पुढच्या वेळी उजवीकडून काढ.” मग त्याने आपल्या हाताने शिवणीची नवी पट्टी बसवली. ती माझ्या जुन्या लाकडापेक्षा फिकट दिसते. शुभाने विचारले, वरून रंग मारू का? तो म्हणाला, “कशाला? दिसू दे ना.”

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना जरूर जपा. त्यांना पुसा, वाळवा, सावलीत ठेवा, मोडल्या तर हाताने जोडा. पण चरा पडेल म्हणून त्यांना झाकून ठेवू नका. माझ्या अंगावर आता पुष्कळ चरे आहेत, आणि उद्या सकाळी त्या दोन मुली मला पुन्हा न्यायला येणार आहेत.