सिलिंडर पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या समीक्षासाठी मुलगा पाहायला तिचे बाबा वारासिवनीला गेले आणि चहा संपायच्या आत होकार देऊन परतले. मी विचारलं, "कसा हाय पोरगा?"

"चांगला हाय. घरची राइस मिल हाय."

"मी मिलचं नाही पुसलं."

"अश्विन नाव हाय. अजून काय पाह्यजे तुले?"

हेच आमचे चंद्रशेखरराव, भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, लग्नाआधी गाडीच्या ब्रेकचा एक सिलिंडर निवडायला बसले आणि त्यांनी सगळं घर वेठीला धरलं.

गाडी माझ्या सासऱ्यांच्या काळातली अँबेसेडर. समीक्षाची बिदाई हिच्यातूनच करायची, असं ती पाळण्यात असतानाच यांनी जाहीर केलं होतं. पण ब्रेकचं पायडल दाबलं की ते सरळ खाली जाऊन बसायचं. पायडलचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर आतून झिजला होता. नवा आता मिळत नाही. जुनाच कोणीतरी घासून-पुसून, आत नवी रबरं घालून विकतो, त्यातला निवडायचा.

मग स्थळं आली. एक नागपूरचं, एक गोंदियाचं, एक गावातलंच. यांनी बैठकीतल्या दिवाणावर धुतलेला टॉवेल अंथरून तिघांना बसवलं. टॉर्च मारून आत डोकावले. करंगळी घालून आतला पृष्ठभाग कुठे खडबडीत आहे का ते चाचपलं. चकचकीत काळा रंग लावून आलेल्या गोंदियाच्या सिलिंडरला म्हणाले, "वरून पावडर लावून आला हा. आतून गंजला हाय."

माझं डोकंच फिरलं. "ही नजर वारासिवनीले काहून नाही नेली?"

"मशीनमंधी फसवतेत लोक," ते म्हणाले. "तुले नाही समजत."

नागपूरच्या दुकानदाराला तर रोज फोन. हा कोणाच्या गाडीतून निघाला, किती वर्षं पडून होता, कधी गळला होता का. शेवटी नागपूरचा पास झाला. त्याच्या आत नवी पितळेची नळी बसवलेली होती आणि ती खरोखर आरशासारखी होती. तेवढं मी मान्य करते. निवड चांगली केली माणसानं. चुकीच्या गोष्टीची, पण चांगली.

मेकॅनिक टिकाराम सिलिंडर बसवायला आला, तेव्हा यांनी हळद-कुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली आणि मला म्हणाले, "तूप आण. घरात नवा आला, त्याचं तोंड तर गोड करा लागन न." जावयाला देतात तसं. साखर मात्र घातली नाही, बारीक छिद्रात अडकेल म्हणून. एवढी अक्कल होती! ब्रेकचं तेल भरायच्या आधी चमचाभर तूप सिलिंडरच्या तोंडात गेलं.

"काही होन तर नाही न?" मी टिकारामला विचारलं.

"तूप तर चिकनाई हाय, भाभी. अच्छाच हाय," टिकाराम म्हणाला. साहेबांच्या हो ला हो म्हणण्यात तो पटाईत आहे.

दुपारच्या उन्हात गाडी छान थांबली. पण बिदाई होती सकाळची, पौष लागायच्या तोंडावरची. मंडपापाशी गाडी आणताना यांनी दोन-चारदा ब्रेक दाबला आणि गाडी थांबली ती थांबलीच. नवरा-नवरी मागे बसले, चाकाखाली नारळ ठेवला, आणि चाक हलेना. मागे वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. टिकारामनं झाकण काढून बोट घातलं आणि वास घेतला. "साहेब, तूप थिजलं. छेद बंद झाला. तेल वापस येऊन नाही राह्यलं."

त्यानं पाइप सैल केला, तेल सांडलं आणि चाकं सुटली. पण आता ब्रेकच नाही. गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि पोरीला दुसऱ्या गाडीतून पाठवायचं ठरलं. बिदाईच्या गाडीला नवरीचे भाऊ दोन पावलं ढकलतात, ती आमच्याकडची रीत. इथे तर चढ होता. भाऊ लागले, मामा लागले, सफारी सूट घातलेले हे लागले. गाडी ढिम्म.

आणि आमचा जावई आत बसून पगडी सारखी करत होता.

पोरगा कसा आहे, हेच मी इतके दिवस विचारत होते. बघायला मिळालं ते हे.

तेवढ्यात समीक्षानं डोळे पुसले. दार उघडून उतरली, शालूचा पदर खोचला आणि वळसा घालून पलीकडच्या काचेवर टकटक केली. "उतरा."

"मी?" अश्विन म्हणाला. "जावई हाय न मी."

"हौ. अन् मी नवरी हाय. उतरा."

तो वऱ्हाडात उभ्या असलेल्या आपल्या बापाकडे बघत बघत उतरला आणि गाडीला नुसते हात टेकवून उभा राहिला.

"पाह्यलं?" हे धापा टाकत मला म्हणाले. "नागपूरचा माल हाय! कसा पकडला ब्रेक!"

मी तिकडे लक्षच दिलं नाही. जावयाची पगडी डोळ्यांवर सरकली होती, गाडी हलायला लागली होती आणि समीक्षा त्याला सांगत होती, "अजून जोर लावा."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.