पुदिन्यातली नळी

सासूबाईंचा म्हातारा बोकड परवा गेला. आदल्याच दिवशी मी त्याचं वीर्य घेऊन, ते जास्त टिकावं म्हणून पुदिन्याचा अर्क घातलेल्या द्रावणात मिसळून, नळीत भरून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. त्याचं उरलं ते एवढंच. आज त्यांची शेळी माजावर आली, तशा त्या माझ्या लेकीला कडेवर घेऊन थेट प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

"चहात घालायचा पुदिना कशात घातलास, बाई," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईत काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काहीच हलत नव्हतं. तुलनेसाठी ठेवलेली बिनपुदिन्याची नळी तर कालच वाया गेली होती.

"नाही ना राहिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात लेक रडायला लागली. तिची बाटली कोमट करून थेंब मनगटावर टाकून पाहिला, आणि माझी चूक ध्यानात आली. मघाशी नळी आणि काच दोन्ही थंडगारच घेतली होती.

नळी कोमट पाण्यात धरली, काच तळहातांत उबवली. पुन्हा पाहिलं. आधी एक शुक्राणू हलताना दिसला, मग कितीतरी, लगबगीने निघालेले.

"या, बघा," म्हणत मी खुर्ची सोडली.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला.

"अगदी त्याच्यासारखेच, उतावळे कुठले," म्हणाल्या, आणि शेळी आणायला उठल्या.