डाव्या गालातलं दूध

"आजोबा हॅज मिल्क इन हिज चीक!" चार वर्षांची इला ओरडली, तेव्हा शैलजा हसली. "मग त्यांना चूळ भरायला सांग," म्हणाली आणि विसरून गेली. विजेरी घेऊन लेकीचे दात रोज तपासायची सवय तिचीच. इलाने तीच विजेरी घेऊन आजोबांना पेशंट केलं होतं.

आजोबा म्हणजे शैलजाचे सासरे दिगंबरराव, नागपूरहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलेले. बॅगेत सुपारी, तंबाखू, चुना. हे तिन्ही घोटून खर्रा करायला इथली ब्रेडची प्लास्टिकची पिशवी त्यांना भारी पसंत पडली होती.

आणि त्यांचा मुलगा, शैलजाचा नवरा शंतनू? तो युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये तोंडाच्या कॅन्सरवरच पीएचडी करत होता! पेशींना खाऊ घालायला रविवारीसुद्धा जायचा.

"तू करतो काय रे तिथं?" एकदा जेवताना बाबांनी विचारलं.

"मायक्रोआरएनए, बाबा. इवलासा तुकडा असतो, दुसऱ्यांचे निरोप दाबतो. 'आता वाढू नको' हा निरोपच दाबला गेला, की पेशी वाढत सुटते."

"इवलासा, अन् सगळ्यांना गप्प करते? आपल्या घरात आहे की एक!" बाबांनी सुनेकडे बोट दाखवलं.

शैलजाही हसली. मग तिचं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. ठेच्यावर दह्याचा डोंगर.

"बाबा, तुम्ही आणि दही?"

"झोंबून राहिलं थोडं. महिना झाला असंल."

गालातलं दूध! निरोप आला होता, तिनेच दाबला होता. ती विजेरी घेऊन आली.

"आ करा."

"काहून? मी काय इला आहे?"

"इला ऐकते तरी."

डाव्या गालात आत नखाएवढा पांढरा चट्टा. पुसून जाईना. शंतनूने वाकून पाहिलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. असलं काही त्याने आजवर फक्त स्लाइडवर पाहिलं होतं.

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा घेऊन तपासला. कॅन्सर नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. चट्टा काढला, खर्रा बंद केला, दर तीन महिन्यांनी दाखवायला बजावलं.

आता दिगंबरराव परत नागपूरला आहेत. फोनवर म्हणतात, "एकदम फर्स्टक्लास!" पण तिथे कुठल्या डॉक्टरांना दाखवता असं विचारलं की हवापाण्याचं बोलतात. फोनवरून गाल दिसत नाही, म्हणून शैलजाची एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी नागपूरला, धरमपेठेत जाणार असेल, तर त्यांच्याकडे एक चक्कर टाका. चहा घ्या, इलाचा फोटो दाखवा आणि ते हसले, की विजेरी लावून डाव्या गालात बघा.