बुटक्याचे माप

ज्या टेबलावर पणजोबांनी कापड बेतले, आजोबांनी बेतले, वडिलांनी बेतले, त्याच टेबलावर धाकट्या शिंप्याचा मळका सदरा पसरून त्याची आई बाह्या तपासत होती. सदरा तिनेच शिवलेला. मळ मात्र तिच्या ओळखीचा नव्हता.

धाकटा सात महिने तुरुंगात होता. दुकानामागच्या खोलीत चार माणसे जमवून येशूची प्रार्थना केली, एवढाच गुन्हा. भेट बंद. दर सोमवारी खिडकीवर एक धुतलेला सदरा द्यायचा आणि मळका परत घ्यायचा, इतकाच संबंध उरला होता. श्रद्धा सोडल्याचे दोन ओळींत लिहून दिले तर मुलगा त्याच दिवशी घरी येईल, असे तिथला कारकून दर वेळी समजावून सांगे. ती दर वेळी ऐकून न ऐकल्यासारखे करी.

बाह्या चार वेळा दुमडलेल्या होत्या. धाकटा ताडमाड, त्याला कुठलीच बाही पुरत नसे. सलग तिसऱ्या आठवड्यात हीच घडी. सदरा दुसराच कोणी बुटका घालत होता.

“मग हे थंडीत काय पांघरतात?” सुनेने हळूच विचारले.

“अक्कल. ती मुळातच तोकडी आहे.”

सून हसली नाही. सासूही नाही.

संध्याकाळी मंडळी जमली. निवृत्त मास्तरांनी धाकट्यासाठी लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटी कबूल केले, की याहून अधिक कोणाच्याच हाती काही नाही. म्हातारीने त्यांना उठू दिले नाही.

“मास्तर, त्या बुटक्यासाठीही मागा. नाव ठाऊक नाही. बाही एकवीस इंच.”

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले.

सकाळी तिने जाड लोकरी कापड उलगडले. एकाच सदऱ्यापुरते होते. सुनेने दुसरे टोक धरले.

“आई, निदान हा तरी ह्यांच्या मापाचा बेता.”

म्हातारीचा खडू थांबला. मग कधी नव्हे ते ती सांगू लागली. तीस वर्षांपूर्वी तिचा नवराही याच कारणासाठी आत होता आणि ती खाटेला खिळलेली. तो सुटून आला तेव्हा त्याच्या अंगात एका परक्या बाईने खास त्याच्या मापाने शिवलेला सदरा होता. त्या बाईचा स्वतःचा मुलगा त्याच कोठडीत होता. तो परतला नाही.

सुनेने टोक सोडले नाही. फक्त मान वळवली.

खडूची रेघ एकवीसवर उमटली. कात्री एका दमात पार गेली, आणि तीस वर्षांचे देणे फिटले.