न फाटलेल्या कुर्त्यावरचं ठिगळ

माझे थोरले दीर किती साधे आहेत, हे मशिदीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो साधेपणा शिवायला किती वेळ लागतो, हे फक्त मला ठाऊक आहे. मी शिलाईकाम करते.

कापड ते स्वतः आणतात. सुती, पण असलं भारी की कात्री लावताना माझा हात थांबतो. मी कुर्ता शिवायचा, मग सोड्याच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवायचा, रंग उतरेपर्यंत. आणि मग ठिगळं. एक खांद्यावर, एक उजव्या कोपरावर. उजव्याच, कारण बोलताना तो हात वर जातो. एकदा मी डाव्या कोपरावर लावलं तर कुर्ता परत आला. ठिगळाचा रंग वेगळा हवा, पण विजोड नको. पहिल्या रांगेतून दिसायला हवं, पण मुद्दाम लावलंय असं वाटायला नको. नवरीच्या कपड्यांना माझ्याकडे एवढ्या अटी कोणी घातल्या नाहीत.

त्यात धड कापडावर ठिगळ बसवणं महाकठीण. खाली भोक असलं की ठिगळाला काहीतरी काम असतं. भोक नसलं की ते फुगतं, ताठ उभं राहतं. मग त्याला चेपा, इस्त्री फिरवा, पुन्हा चुरगाळा. मनात येई, आमचे हुजूर पैगंबर स्वतःचे फाटके कपडे स्वतःच्या हातांनी शिवत. आमचे दीर धड कपड्याला दुसरीकडून ठिगळ लावून घेतात. पण बोलायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

दिरांचा फरशीचा धंदा आहे. घरात संगमरवर असा गुळगुळीत की मोजे घालून चालाल तर थेट दवाखान्यात जाल. मोटार ते मशिदीच्या दोन गल्ल्या अलीकडे उभी करतात आणि तिथून खाली मान घालून पायी येतात. लोक त्यांना दरवेश म्हणतात, म्हणजे फकिरी वृत्तीचा माणूस. मशिदीच्या कमिटीचे ते अध्यक्ष. माझ्याशी बोलायची वेळ आली की ते शिलाई मशीनकडे बघून बोलतात. इतकी वर्षं त्यांचं सगळं बोलणं त्या मशीननेच ऐकलं.

माझे मालक खरंच साधे होते. दोन सदरे, एक अंगावर, एक दोरीवर. आपण साधे आहोत हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि दुसऱ्या कुणालाही कळलं नाही. ते गेले तेव्हा दिरांनी त्यांच्या घरामागची खोली आम्हा मायलेकींना दिली. ते उपकार मी नाकारत नाही. नाकारायला गेले तरी गल्ली विसरू देणार नाही.

माझी लेक भरतकाम करते. कारखान्यात लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं असतं, त्यावर दिवसभर वाकून दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे भरायचे. कुणाच्या गळ्याला वेल, कुणाच्या ओढणीला बुट्टे. बोटांची टोकं सुयांनी चाळण झालेली. तिचं लग्न एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मुलाशी ठरलं. मुलगा भला, हसरा, ग्रीसने काळी झालेली नखं लपवत बसला होता, तेव्हाच मला आवडला. लेक त्या दिवशी मला म्हणाली, "अम्मी, एक दिवस तरी मी माझ्या हातचं घालणार."

बस, एवढीच तिची मागणी. ना दागिना, ना मेजवानी.

हिरवं कापड तिने आणलं, शिवलं मी. गळ्याला आणि बाह्यांच्या कडेला तिने रेशमी धाग्याने पानं भरली. जरतार नाही, टिकली नाही, चमकणारं काही नाही. हिरव्यावर हिरवी पानं, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. कारखान्यातून आल्यावर दुखरी मान चोळत चोळत ती ते भरायची आणि गुणगुणायची. बाप गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला त्या हिरव्या कपड्याचा किती आनंद झाला होता, कसं सांगू!

निकाहच्या आधीच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर दीर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं: आमच्या घरचा निकाह सगळ्यांसाठी नमुना असेल. माझी पुतणी रोजच्या कपड्यांत बसेल. लोक माशाल्लाह म्हणाले. आम्हाला ही बातमी भाजीवालीकडून कळली.

ते आमच्या खोलीच्या दारात आले तेव्हा लेकीने तो कपडा त्यांच्यापुढे धरला. "चाचा, बघा ना. अंग पूर्ण झाकतंय. सोनं नाही, चांदी नाही. मी स्वतः भरलंय."

त्यांनी बघितलं. अगदी जवळून बघितलं, कारागिराने बघावं तसं. मग मशीनला म्हणाले, "काम चांगलं आहे. पण नजरेत भरतं. नजरेत भरेल ते साधं कसं?"

माझ्या जिभेवर त्यांच्या कोपरावरचं ठिगळ आलं होतं. गिळलं.

"मी हिचा वली आहे," ते म्हणाले. "बापाच्या जागी आहे. हे घालून बसली तर मी बसणार नाही. मग शोधा दुसरा कोणी."

दुसरा कुठला शोधणार? वलीशिवाय निकाह होत नाही, आणि बापामागे वली चाचाच. आणि त्यांनी पाठ फिरवली असती तर मुलाकडचेही बिचकले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी इमामसाहेबांकडे गेले. ते स्वतः स्वच्छ, परीटघडीचे कपडे घालतात, थोडं अत्तरही लावतात, म्हणून मला आशा होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बहन, एकाने हुजूरांना हेच विचारलं होतं. माणसाला वाटतं, आपला कपडा चांगला असावा, चप्पल चांगली असावी, तर तो गर्व झाला का? हुजूर म्हणाले, अल्लाह सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडतं. गर्व म्हणजे खरं नाकारणं आणि लोकांना कमी लेखणं. उधळपट्टी नको, दिखावा नको, एवढंच. आणि दिखावा तर फाटक्या कपड्याचाही होतो."

"मग हे त्यांना सांगा ना."

इमामसाहेब बराच वेळ चटईची कड सरळ करत बसले. "सांगून बघतो," म्हणाले. त्यांची खोली कमिटीची, पगार कमिटीचा. त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. पण राग जास्त.

निकाहच्या दिवशी लेकीला मीच म्हटलं, "घाल. बघू काय होतं ते."

"नको अम्मी, चाचा..."

"घाल म्हणते ना."

तिने घातला. आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःच्याच बाहीवरून बोट फिरवत राहिली. दुसऱ्यांसाठी केलेलं काम असं अंगावर कसं वाटतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले तर तिला काजळ नीट लावता येणार नाही म्हणून आवरलं.

पुरुष बाहेरच्या दालनात होते, बायका आत. मुलीची संमती विचारायला वली आणि दोन साक्षीदार आतल्या दारापाशी आले. एक निवृत्त मास्तर, दुसरा चपलांचा दुकानदार. दिरांनी तिला बघितलं आणि तिथेच थांबले.

"कपडे बदलून घ्या," ते म्हणाले. आज मशीन नव्हती, म्हणून भिंतीला म्हणाले. "तोपर्यंत मी विचारणार नाही."

बायका कुजबुजायला लागल्या. बाहेरून कोणीतरी खाकरलं. लेकीची मान अशी खाली गेली, जणू चोरी पकडली गेली होती. आणि ते बघून माझं डोकं फिरलं. माझ्या पिशवीत छोटी कात्री असतेच, टाके उसवायची. मी पुढे झाले, दिरांची उजवी बाही धरली आणि कोपरावरचं ठिगळ उसवायला लागले. परपुरुषाच्या बाहीला हात लावला, अल्लाह मला माफ करो. टाके माझेच होते, कुठून सुटतात मला माहीत होतं. एका ओढीत ठिगळ हातात आलं.

"बघा," मी साक्षीदारांना म्हटलं. आवाज मोठा होता. "खाली भोक कुठाय? दाखवा मला. नवा कुर्ता आहे हा. मीच शिवला, मीच विटवला, ठिगळही मीच लावलं. आणि माझ्या पोरीची पानं यांच्या नजरेत भरतात!"

ठिगळाखालचं कापड विटवलेलं होतं, पण चांगलं धड, एक धागाही तुटलेला नव्हता. दिरांचा चेहरा पडला. खरंच पडला, मी पाहिला. तेवढ्या एका क्षणापुरती मी सुखी झाले.

मग मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"सुभानल्लाह," ते म्हणाले. "फाटलेल्याला तर कोणीही ठिगळ लावेल. पण अंगावर नवा, भारी कपडा असताना तो लोकांपासून झाकायचा? केवढं हे मन!"

"आणि कुणाला कळू दिलं नाही," चपलांचा दुकानदार म्हणाला.

दिरांनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा दुकानदाराकडे. चेहरा हळूहळू जागेवर आला. मग त्यांनी नजर खाली केली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "हे उघडं करायला नको होतं. ते माझ्यात आणि अल्लाहमध्ये होतं."

हात दाखवून अवलक्षण. बाहेरच्या दालनात बातमी माझ्याआधी पोहोचली होती, आणि सुभानल्लाह, सुभानल्लाह असं ऐकू यायला लागलं. मी ठिगळ हातात धरून उभी. मला वाटायचं, कापड खोटं बोलत नाही, ते उलटून दाखवलं की झालं. शिवणाऱ्या बाईलाच असलं खूळ सुचायचं. लोक कापड बघतच नाहीत.

लेक उठली. माझ्याकडे न बघता पडद्यामागे गेली आणि बदलून आली. कारखान्यात घालून जायचा तो तपकिरी कपडा, छातीवर सुया टोचून ठेवल्याच्या खुणा असलेला. दिरांनी विचारलं. ती "कबूल आहे" म्हणाली. आवाज एवढा बारीक की मास्तरांना पुन्हा विचारावं लागलं.

त्यानंतर काय झालं ते ऐकाल तर हसाल. मला हसू आलं नाही. पुढच्याच आठवड्यात मास्तर माझ्याकडे आले, बगलेत कोरा कुर्ता. म्हणाले, "तसंच एक लावून द्या. पण दिसेल न दिसेल असं." मागोमाग दुकानदार. मग त्याचा मेहुणा. आता माझ्याकडे न फाटलेल्या नव्या कपड्यांना ठिगळं लावायचं इतकं काम येतं की खरोखरच फाटलेलं घेऊन येणाऱ्याला मला थांबा म्हणावं लागतं. रिक्षावाल्याची बायको एकदाच थांबली, मग आली नाही.

हिरवा कपडा लेक सासरी घेऊन गेली होती. मी स्वतःला समजावलं, निकाहला नाही तर नाही, पुढे घालेल. जावई चांगला आहे. घरातल्या घरातही घालेल, कोण बघतंय.

महिन्याभराने ती आली. अंगावर तपकिरीच. पाणी प्यायली, मशीनशेजारी बसली, माझ्या धाग्यांची गुंतवळ सोडवत राहिली.

"हिरवा घालतेस का गं?" मी विचारलं.

"सासूबाईंनी कुणाला तरी देऊन टाकला," ती म्हणाली. "रागाने नाही गं. चांगल्या आहेत त्या. म्हणाल्या, दरवेशांच्या घरातली मुलगी तू, तुला असले रंग शोभत नाहीत. सगळ्या बायका येऊन बघून जातात मला. मी कशी राहते, काय घालते. सासूबाईंना मोठं कौतुक आहे."

"आणि तो? तो काही बोलला नाही?"

"त्याला आवडला होता तो. पण तोही काय बोलणार! दरवेशांचा जावई म्हणून लोक त्याचंही नाव घेतात आता."

तिने गुंतवळ बाजूला ठेवली. मग पिशवीतून एक कपडा काढला. करडा, नवा, दुकानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"याला खांद्यावर एक ठिगळ लावायचंय," ती म्हणाली. "सासूबाईंनीच सांगितलंय."

"मी नाही लावणार," मी म्हटलं. "तुझ्या कपड्याला तर मुळीच नाही. जा, सांग त्यांना, आईने नाही म्हटलं."

ती भांडली नाही. निकाहला तिने निदान माझ्याकडे बघणं टाळलं होतं. आज नीट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सरक अम्मी, मला मशीनवर बसू दे."

मी सरकले. तिने चिंध्यांच्या पेटीतून एक तुकडा निवडला, रंग वेगळा पण विजोड नाही असा. कडा दुमडल्या, टाचणी लावली, सुईत दोरा ओवला. कुठे फुगलं नाही, कुठे ताठ राहिलं नाही. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. लोक तिचं खूप नाव काढतील.